थांबण्याचा खर्च

आमच्याकडे नवी गाडी दारात आली की बघायला येणारा माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला, "ॲव्हरेज काय देती?" दुसरा, "पळती किती?" तिसरा प्रश्न आलाच तर तो गाडीबद्दल नसतो, कर्ज कुठल्या बँकेचं काढलं याबद्दल असतो. गाडी थांबते कशी, हे विचारणारा माणूस वळसंगात मला अजून भेटायचाय. गाडी थांबणार, हे सगळे धरूनच चालतात. थांबली नाही तर बघायला येणारांची संख्या वाढते, एवढंच.

त्यामुळे आमच्या भाच्याने चांगल्या पळणाऱ्या गाडीवर पुन्हा पैसे घालायचं ठरवलं, आणि तेही पळवण्यासाठी नव्हे तर थांबवण्यासाठी, तेव्हा ताईला वाटलं पोराला कुणाची तरी नजर लागली. "चांगली पळूलालीय ना? मग पळू दे की," एवढंच तिचं म्हणणं. "थांबवायला कोण पैसे घालतंय का रे?"

आधी रस्त्याची ओळख करून द्यायला हवी, कारण खरा नायक तोच आहे. वळसंग हे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर, साधारण निम्म्या वाटेवरचं गाव. तालुका दक्षिण सोलापूर. जुन्या लोकांना ते सूतगिरणीमुळे माहीत, नव्यांना टोलनाक्यामुळे. पूर्वी या रस्त्यावर ब्रेक फारसे लागतच नसत, ते काम खड्डे करायचे. मग त्याचा राष्ट्रीय महामार्ग १५०-ई झाला, चार पदर झाले, मधे दुभाजक आला. रस्ता चौपदरी झाला, माणसं मात्र दुपदरीच राहिली. उलट्या बाजूने बिनधास्त येणारी मोटारसायकल, दुभाजकातल्या झाडांवर ताव मारणारी शेळी, अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला अनवाणी निघालेले पदयात्री, दर गुरुवारी पुण्या-मुंबईच्या पाट्या लावून सुसाट जाणाऱ्या गाड्या आणि हंगामात कारखान्याकडे डुलत चाललेला ऊस, हे सगळं त्याच चार पदरांत. कुंभारीच्या सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ रोजी पाडली. म्हणजे आकाशातला अडथळा हटवता येतो, हे आमच्या भागाने सिद्ध करून दाखवलंय. जमिनीवरची शेळी अजून तिथंच आहे.

अशा या रस्त्यावरून भाचा रोज सोलापूरला, अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला जातो. गाडी सेकंडहँड पोलो, जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती. चाकणच्या कारखान्यात बनायची, २०२२ मध्ये बंद झाली. बंद झाल्यापासून ज्यांच्याकडे ती आहे त्यांचा एक संप्रदायच तयार झालाय. एक पोलोवाला दुसऱ्याला समोरून आलेला बघतो तेव्हा दिवे मिचकावतो, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर आपण सोडून बाकी जग चुकीच्या गाडीत बसलंय असा भाव असतो. या गाडीला पुढं डिस्क ब्रेक, मागं ड्रम. हा मागचा ड्रम म्हणजे त्या संप्रदायाचं खासगी दुःख. त्याच्याबद्दल ते कमी आवाजात बोलतात.

भाच्याचा बेत मोठा होता. पुढच्या डिस्क बदलायच्या, पॅड बदलायचे, मागचा ड्रम काढून तिथंही डिस्क बसवायची, आणि उरलेच पैसे तर टायर. हा क्रम त्याने आप्पांना सांगितला आणि तिथंच फसला. आप्पा म्हणजे आमच्या आळीतले एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले फिटर. आयुष्यभर लाल गाड्यांच्या पोटाखाली झोपून काढलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळून झाली, आणि म्हणाले, "टायर दाखव."

टायर बघितले. टायरच्या नक्षीच्या खाचेत मधे मधे एक छोटा उंचवटा असतो, १.६ मिलिमीटरचा. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायरचं आयुष्य संपलं, असं मोटार वाहन नियमही सांगतात आणि टायर बनवणारेही. गावातला नियम वेगळा आहे: रबराखालची तार दिसेपर्यंत टायर चालू. भाच्याचे टायर या दोन नियमांच्या मधे कुठंतरी होते. आप्पांनी खाचेत नख घालून बघितलं. नख बुडलं नाही.

"ब्रेक काय थांबवतो?" आप्पांनी विचारलं.

"गाडी," भाचा म्हणाला.

"चाक," आप्पा म्हणाले. "गाडी टायर थांबवतो. विहिरीचा दोर कितीबी भारी आण, हाताला तेल लागलं असंल तर घागर खालीच जायची."

आणि हे अगदी खरं आहे. पोलोला एबीएस आहे, म्हणजे पॅडल जोरात दाबलं की चाक जागच्या जागी घट्ट धरण्याइतकी ताकद कंपनीच्या ब्रेकमध्ये आधीच असते. चाक अडकायला लागलं की एबीएसच तो जोर सोडतं आणि पुन्हा धरतं. पायाखाली थरथर होते ती हीच. त्याच्या पुढं कितीही महागाचा ब्रेक बसवा, तो चाकच जास्त घट्ट धरणार. रस्ता धरायचं काम रबराचं. आणि ते रबर रस्त्याला टेकलेलं किती असतं? एका टायरचं साधारण तळहाताएवढं. चार टायरचे मिळून चार तळहात जमीन. सातबाऱ्यावर नोंदसुद्धा होणार नाही एवढ्या जागेवर अकराशे किलोची गाडी, त्यात चार माणसं, अक्कलकोटचा प्रसाद आणि १०५ घोडे उभे असतात. मोठ्या ब्रेकचा उपयोग नाही असं नाही. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून तो तापतो आणि पॅडलखालचा जोर पातळ होत जातो, तिथं चांगला पॅड, मोठी डिस्क कामाला येते. पण वळसंग ते सोलापूर या वाटेवर घाट नाही. चढ म्हणावा असा एक उड्डाणपुलाचाच.

तेव्हा क्रम उलटा झाला. आधी टायर.

त्यातही मुहूर्त साधला गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि दसरा होता २ ऑक्टोबरला. सरकार आणि पंचांग एका बाजूला आल्याचा असा योग मध्यमवर्गाच्या आयुष्यात क्वचित येतो. आम्ही सोलापुरात एका टायरच्या दुकानात गेलो. बरोबर मी कशाला? तर घासाघीस करायला. तरुण पिढीला टायरच्या बाजूवर लिहिलेलं सगळं वाचता येतं, पण "शेवटचा भाव सांगा" हे वाक्य तोंडातून निघत नाही.

टायरच्या बाजूवर केवढं साहित्य असतं, हे मला त्या दिवशी कळलं. गाडीला मूळचा टायर १८५/६० आर १५. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, आणि रिम १५ इंची. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! हे बसवणारा माणूस सरकारी समितीवर असणार. पुढं एक आकडा वजनाचा, एक अक्षर वेगाचं. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. भाच्याला व्ही पाहिजे होता. चौपदरी महामार्गावर मोटारीला केंद्राने २०१८ साली घालून दिलेली कमाल मर्यादा १००. टोलनाक्यापासून गावच्या फाट्यापर्यंत त्याला १०० गाठायला वाव मिळत नाही. "पण मामा, सेफ्टी मार्जिन!" तो म्हणाला. १४० किलोमीटरचं मार्जिन मी माझ्या आयुष्यात कशातच ठेवलेलं नाही.

मूळ मापापेक्षा एक पायरी रुंद, म्हणजे १९५/६० आर १५ घ्यायचं ठरलं. पोलोवाल्यांत हे माप फार चालतं. हा टायर उभा धरला तर मूळच्यापेक्षा १२ मिलिमीटरने उंच भरतो, म्हणजे दोन टक्के. परिणाम असा की गाडी खरोखर १०० ने पळत असेल तेव्हा काटा ९८ च्या आसपास थांबतो. दुसरा परिणाम, गाडी जमिनीपासून सहा मिलिमीटर वर उचलली जाते. या सहा मिलिमीटरचा भाच्याला जो आनंद झाला तो त्याला बारावीच्या निकालानंतरही झाला नव्हता. त्याला कारण आमचे स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ च्या आपल्या पुस्तिकेत गतिरोधकाचं माप दिलंय: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ ने जाणाऱ्या गाडीला अलगद वर नेऊन खाली आणणारा. गावातला स्पीडब्रेकर हा मापाने नव्हे, रागाने बांधलेला असतो. कुणाचं तरी कोंबडं गाडीखाली आलेलं असतं, त्याच रात्री सिमेंट येतं.

दुकानात खरं नाट्य घडलं ते तारखेवरून. टायरवर एका लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. भाच्याने मोबाईलची बॅटरी लावली आणि रचून ठेवलेल्या टायरच्या मागं तोंड घालून आकडे वाचायला लागला. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू नेमकी भिंतीकडे असते. तो वाचतोय, दुकानदार बघतोय. शेवटी दुकानदार मला म्हणाला, "मालक, तीस वर्षं धंदा करूलालोय. टायरची जन्मतारीख विचारणारं गिऱ्हाईक पहिलंच. पत्रिका बी जुळवायचीय का?"

पत्रिका जुळली. तीन टायर एका आठवड्याचे निघाले, चौथा दोन महिन्यांनी धाकटा. तो मागं डावीकडे बसवायचा असं ठरलं. चारचे मिळून तीस हजारांच्या आसपास झाले आणि दुकानदार म्हणाला, "नायट्रोजन मारू?" नायट्रोजनने टायर थंड राहतो, दाब टिकतो, गाडी मऊ चालते, ॲव्हरेज वाढतं असं बोर्डावर लिहिलं होतं; मुलं हुशार होतात एवढंच राहिलं होतं. विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन भरतात हे खरं, त्याची कारणं विमानाची आहेत. आपण श्वासात घेतो त्या फुकटच्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. उरलेल्या बावीस टक्क्यांचे पैसे द्यायचे का, असा प्रश्न होता. दिले नाहीत. त्यापेक्षा सकाळी टायर थंड असताना हवा बघितलेली बरी. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४३-४४ ला टेकलेला असताना, दुपारी पेट्रोल पंपावर हवा मोजणाऱ्या माणसाला टायर नेहमीच फुगलेला दिसतो. तो हवा काढतो. सकाळी तो टायर बसलेला असतो. मग हा पुन्हा भरतो. काही माणसांचा अख्खा मे महिना असा जातो.

जुन्या टायरचं काय, तर दुकानदाराने ते काही शे रुपयांना ठेवून घेतले. पुढं त्यांचं काय होतं हे विचारू नये. झिजलेल्या टायरवर गरम सुरीने नवी नक्षी कोरणारे कारागीर आहेत, आणि तो "थोडा चाललेला" टायर घेणारं गिऱ्हाईकही आहे. खाच कोरली म्हणून रबर वाढत नाही, उलट कमी होतं. पण डोळ्यांना भरलेलं दिसतं, आणि आपल्याकडे टायरची परीक्षा डोळ्यांनीच होते.

नवे टायर गावात आल्यावर पहिल्यांदा पोरांनी त्यांचा ताबा घेतला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. साच्यातली हवा निघून जावी म्हणून ठेवलेल्या भोकांत रबर शिरतं, त्याचे ते केस. आळीतली चार-पाच पोरं गाडीभोवती उकिडवी बसून ते एकेक उपटत होती. एकाने तर मूठभर जमवून खिशात घातले. भाच्याचा जीव खालीवर व्हायला लागला. मी म्हटलं, अरे, केस गेले तरी टायर थांबवणारच. त्याला ते पटत होतं, पण तीस हजारांची वस्तू लोक हाताने सोलताहेत हे बघवत नव्हतं.

चाकाचं कौतुक आमच्या गावाला नवं नाही. पूर्वी बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवायची असली की गोवऱ्यांच्या आरात ती लालबुंद करायचे, चिमट्यांनी उचलून चाकावर ठोकायचे आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसून लाकडाला असं धरायचं की आरे करकरत. ते बघायला अर्धं गाव जमायचं. अलाइनमेंट बघायला कोणी जमत नाही. संगणकाच्या पडद्यावर लाल आकडे हिरवे होतात, आणि बिल निघतं. हवेचा टायर बनवला तो मात्र गुरांच्या डॉक्टरने. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टचा पशुवैद्य, १८८७-८८ मध्ये पोराच्या तीनचाकी सायकलचा खडखडाट कमी व्हावा म्हणून त्याने तो केला. हे मी पारावर सांगितलं तेव्हा आमच्या भागात पोलोला पहिल्यांदा मान मिळाला. "गुरांच्या डॉक्टरनं केलाय म्हणल्यावर चांगलाच असंल," असं एकमत झालं.

दसऱ्याला गाडीची पूजा. ताईने चारही टायरला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. व्ही अक्षरावर नेमकं कुंकू बसलं. मग ती म्हणाली, "ब्रेक कुठं असतो रे? त्याला बी लावते." भाच्याने चाकाच्या आऱ्यांतून बोट दाखवलं. ती वाकली, आत बघितलं, आणि म्हणाली, "अगो बाई, ह्याला तर आधीच कुणीतरी लावलंय."

तो लाल रंग होता. तोपर्यंत ब्रेकचं कामही झालं होतं.

ब्रेकचं कौतुक करणाराची खरी अडचण ही आहे की ब्रेक दिसत नाही. म्युझिक सिस्टिम वाजवून दाखवता येते, सीट कव्हरवर बसवता येतं. पाहुण्याला ब्रेक दाखवायचा कसा? त्याला गाडीपुढं उभं करून? म्हणून मग कॅलिपरला लाल रंग देतात. ज्यांच्या मागं ड्रम आहे ते त्याच्याही पुढं जातात. बाजारात प्लॅस्टिकचं लाल कॅलिपर कव्हर मिळतं, त्यावर इटालियन कंपनीचं नाव. ते ड्रमवर चिकटवायचं. चाकाच्या फटीतून बघणाराला वाटतं, आत डिस्क आहे. प्लॅस्टिकचा ब्रेक, जो कशालाच धरत नाही आणि कुणालाच थांबवत नाही, अशी ही वस्तू भरपूर खपते. भाच्याने ते केलं नाही, हे त्याच्या बाजूने नमूद करतो. मागच्या ड्रमचं डिस्क करण्याचा बेतही आप्पांनी दोन मुद्द्यांत मोडला. एक, ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढं झुकतं, पुढच्या चाकांवर ७० टक्क्यांच्या आसपास काम पडतं, मागचा ड्रम पुरून उरतो. दोन, कंपनीने दिलेल्या गाडीत असे मूलभूत फेरफार केले की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विमा कंपनी दोघांना आठवण येते, आणि विमा कंपनीला ती नेमकी क्लेमच्या दिवशी येते.

त्यामुळे झालं एवढंच: पुढं नव्या डिस्क, बरे पॅड आणि नवं ब्रेक ऑइल. त्यातलं ब्रेक ऑइल हे प्रकरण फार मोलाचं आणि फार दुर्लक्षित. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ जातीचं कोरं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरली की तीच मर्यादा १५५ वर येते. उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय खाली गेला तरी गाडीला त्याचा पत्ता नसतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. हे मी गावात सांगितलं तेव्हा लोकांनी माझ्याकडे दयेने बघितलं. ब्रेक ऑइल कमी झालं की वर ओततात, बदलत नाहीत. चहाच्या टपरीवरचं आधण आणि गाडीतलं ब्रेक ऑइल, दोन्ही आमच्याकडे अखंड चालू असतं.

ते बदलायला आप्पांच्या अंगणात गाडी लावली. आप्पा चाकापाशी, पाना आणि पारदर्शक नळी घेऊन. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. मी पॅडलवर. "दाब. सोड. दाब. सोड. दाब… धर. धरून ठेव!" मी धरून ठेवायचो, ते नट सैल करायचे, पॅडल पायाखालून जमिनीपर्यंत जायचं, नळीतून काळपट ऑइल आणि त्यातून मोहरीएवढे बुडबुडे जायचे. "सोडू नको!" मग नट आवळायचे. "आता सोड." याला ब्रेकची हवा काढणं म्हणतात. दुकानात टायरमध्ये हवा भरून घेतली होती, इथं ब्रेकमधली काढायला माझा पाय राबत होता. शेवटी ऑइल मधासारख्या रंगाचं यायला लागलं, आप्पांनी बाटली उजेडात धरली, आणि मला पॅडलवरून उतरायची परवानगी मिळाली.

पुढचा प्रकार मात्र गावाच्या इतिहासात जाणार. नवे पॅड नव्या डिस्कवर लगेच नीट धरत नाहीत, त्यांना बसवावं लागतं. त्याची रीत अशी: मोकळ्या रस्त्यावर साठचा वेग घ्यायचा, जोरात ब्रेक दाबून दहापर्यंत आणायचा, पण थांबायचं नाही, पुन्हा साठ, पुन्हा दहा. असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न लावता गाडी हळू चालवून थंड होऊ द्यायची. भाच्याने यासाठी पहाटेची वेळ निवडली, रस्ता मोकळा असतो म्हणून. पण पहाटेच्या रस्त्यावर गाड्या नसतात, माणसं असतात. दूधवाले, फिरायला निघालेले, अक्कलकोटकडे चाललेले पदयात्री. या सगळ्यांनी एक काळी गाडी अंधारातून भरधाव येताना बघितली. समोर चिटपाखरू नाही. तरी तिने करकचून ब्रेक मारला, नाक खाली घातलं, आणि थांबणार एवढ्यात पुन्हा पळाली. परत ब्रेक. परत पळाली. करपलेला वास सुटला.

सकाळी आठपर्यंत टपरीवर अहवाल तयार होता. "समोर काय बी नव्हतं. ह्याला एकट्यालाच दिसूलालतं." "आत कोण हाय ते बघितलं का?" "पोरगा होता. डोळे मोठ्ठे केलेला." एक म्हातारबा कानडीत "एनात्री?" करत आले, त्यांना कानडीत सांगितलं गेलं तेव्हा गोष्ट आणखी वाढली. निष्कर्ष एकच निघाला, गाडीत काहीतरी बसलंय. आधीच्या मालकाचं काय झालं, ही चौकशी सुरू झाली. अक्कलकोट जवळ असलं तरी अशा कामाला गाणगापूर चांगलं, अमावस्येला घेऊन जा, असा सल्ला ताईला घरपोच आला. ती घाबरली. भाच्याने तिला पॅड, डिस्क, तापमान सगळं समजावलं. ती म्हणाली, "तापायला पाहिजे म्हणतोस ना? मग तुळजापूरला चल. घाट बी हाय, आई बी हाय." तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक तापले, पॅड बसले, देवीचं दर्शन झालं. पोराला भक्ती लागली म्हणून ताई खूष, पॅडला धार आली म्हणून पोरगा खूष. असा दोघांचं एकमत झालेला प्रवास त्या घरात फार वर्षांनी झाला.

एवढं सगळं झाल्यावर गाडी खरोखर थांबायला लागली का? लागली. नव्या टायरचे पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून काढायचे असतात, साच्यातला चिकट थर जाईपर्यंत. ते गेल्यावर फरक पायाला कळायला लागला. तरी काही गोष्टी रबराच्याही हातात नसतात. ताशी १०० ला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. डोळ्यांनी बघून पाय पॅडलवर जाईपर्यंत हे २८ मीटर गेलेले असतात, त्यानंतर ब्रेक आपलं काम सुरू करतो, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने अजून चाळीसेक मीटर खातो. वेग निम्मा केला की हे चाळीस दहावर येतात. जगातला सगळ्यात स्वस्त ब्रेक हा आहे, पण त्याला लाल रंग देता येत नाही. शिवाय आमची काळी माती. पावसात रानातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर चाकाच्या मापाचा चिखल पसरत जातो. ती माती खाचांत अशी बसते की तीस हजारांची नक्षी आणि गुळगुळीत टायर यांत भेद उरत नाही. या बाबतीत आमची माती फार समतावादी आहे.

पहिला खरा प्रसंग आला तो नोव्हेंबरात, उसाचा हंगाम सुरू झाल्यावर. संध्याकाळ, सोलापूरहून परत येताना. मी शेजारी बसलेलो, मागच्या काचेखाली शेंगाचटणीचा पुडा. पुढं अंधारात एक ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, दोन्हींत ऊस आभाळाला लागलेला. मागं दिवा नाही, रेडियम नाही. होता तो फक्त आवाज, कारण पुढं फुल्ल आवाजात गाणं चालू होतं. गाणं आधी ऐकू आलं आणि ऊस नंतर दिसला. भाच्याने पॅडल दाबलं. पायाखाली थरथर झाली, पट्टा छातीत रुतला, शेंगाचटणीचा पुडा दोन सीटच्या मधून उडत येऊन माझ्या मांडीवर पडला, आणि गाडी उभी राहिली. उसाचं पाचट बॉनेटवर टेकलं होतं. टायरची शिट्टी नाही, गाडी तिरकी नाही, काही नाही. भाच्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कंपनीचा परीक्षक आहे. मी मान हलवायला तोंड वर केलं.

तेवढ्यात मागून धाड आवाज आला.

वडापची जीप होती. आत किती माणसं होती हे मोजण्यात अर्थ नव्हता, ती अजून उतरतच होती. कुणाला लागलं नव्हतं. आमचा बंपर एका बाजूने लोंबत होता. भाचा उतरून आधी जीपच्या पुढच्या टायरकडे गेला. मोबाईलची बॅटरी लावली. टायर माझ्या हनुवटीइतका गुळगुळीत, म्हणजे दाढी केलेल्या दिवशीच्या.

ड्रायव्हर मात्र त्याच्यावरच चढला. "असं कुठं थांबूलालतात का मालक? थांबायचं होतं तर आधी सांगायचं की!"

"मग मागं लाल लाईट कशाला दिलीय?" भाचा ओरडला. "लाल लाईट लागली ना?"

उतरलेले सगळे प्रवासी ड्रायव्हरच्या बाजूला उभे होते. एक जण ऊस मोडून खात होता. ड्रायव्हरने बंपरकडे बघितलं, टायरकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाला, "लाल लाईट तर सगळ्यांचीच लागती मालक. खरं थांबतंय कोण?"